चौतीस की तीस

सुताराने मला ओट्यापाशी ताठ उभं केलं, उजवा हात कोपरात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. "चाळीस," तो म्हणाला. "चाळीसातून सहा गेले, चौतीस. तुम्हाला ओटा चौतीस इंचांचा पाहिजे, भाभी. हा तर तीसचा आहे. कंबर दुखते ना?"

दुखते. दहा वर्षं दुखतेय. आजवर मी त्याचं खापर ऑफिसातल्या खुर्चीवर फोडलं, वयावर फोडलं, मनातल्या मनात सासरच्यांवरही फोडलं. ओट्याचा मात्र कधी संशय आला नव्हता. घरातल्या खांबाला कुणी उंची विचारत नाही, तसंच त्याचं. तो होता.

आमची सोसायटी कोथरूडची, १९८६ सालची. तिसरा मजला, स्वयंपाकघर साडेसात फूट बाय साडेनऊ. काटकोनात वळलेला कडाप्प्याचा ओटा, त्याखाली कडाप्प्याचेच कप्पे, कप्प्यांना दारांऐवजी स्प्रिंगेत ओवलेले पडदे, आणि भिंतीत एक जाळीचं फडताळ. पडदे मी तीनदा बदलले, बाकी सगळं सासूबाईंच्या वेळचं. यंदा एक मुदत ठेव सुटली, अडीच लाखांची. ती पुन्हा गुंतवायची की स्वयंपाकघर करायचं, यावर घरात महिनाभर काथ्याकूट झाला आणि शेवटी निकाल सिंकखालच्या गळतीने लावला. खालच्या काकूंच्या छतावर आधी भारताचा नकाशा उमटला. त्याखाली श्रीलंकासुद्धा दिसायला लागली, तेव्हा गुंतवणुकीचा विषय मागे पडला.

सगळे जातात तसे आम्हीही आधी मोड्युलरवाल्याच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्यावर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं ठेवलेली होती. आमच्या घरात हिरवी सफरचंदं आजवर आलेली नाहीत. पिठाचा पंधरा किलोचा डबा कुठे राहील, असं विचारल्यावर तिथल्या मुलाने अतिशय नम्रपणे "मॅम, स्टोअरेज सोल्यूशन आहे" असं सांगितलं, पण ते कुठे आहे हे काही दाखवता आलं नाही. कोटेशन आलं ४ लाख ८५ हजारांचं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५ लाख ७२ हजार ३००. जन्म अकाउंट्समध्ये गेल्यामुळे ही बेरीज पायऱ्या उतरायच्या आत झाली. शिवाय यात तोडफोड, प्लंबिंग, टाइल्स आणि ओट्याचा दगड धरलेला नाही, असं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, "सफरचंदं धरली होती का?"

मग सुतार शोधला. मूळचा राजस्थानचा, वीस वर्षं पुण्यात, माझ्याहून शुद्ध मराठी बोलणारा. फक्त "भाभी" तेवढं सुटलेलं नाही. त्याने टेप धरला आणि गुंता सुरू झाला.

त्याआधी मी एक काम केलं होतं, ते सांगायला हवं. एक जुनी डायरी घेतली आणि आठवडाभर स्वयंपाकघरात काय काय होतं, कुठे होतं, किती वेळ होतं, ते लिहून काढलं. नळ सोडला की एक रेघ. गॅसपाशी उभं राहिलं की मिनिटं. घरातले सगळे हसले. पण पहिल्या तीन दिवसांतच माझे दोन-तीन पक्के समज मोडीत निघाले. मला वाटायचं, मी गॅसपाशी उभी असते. तसं काही नव्हतं. भात-आमटी आपापली शिजते, आपण मधूनच ढवळतो. मी उभी असते ती सिंकपाशी. रविवारी तर दिवसभरात नळाच्या नव्वदच्या वर रेघा भरल्या. दुसरं, मला वाटायचं की कपाटं कमी पडतात. कमी पडत होता तो ओटाच. पाणी शुद्ध करायचं यंत्र, मिक्सर, तेलाची किटली, मिठाची बरणी, भांड्यांचं टोपलं, रोजची औषधं (ती तिथे का, कुणालाच माहीत नाही) असं सगळं वजा केल्यावर साडेतेरा फूट ओट्यातला मोकळा उरत होता सव्वा फूट. त्या सव्वा फुटात पंचवीस वर्षं मी भाज्या चिरल्या. म्हणजे नवीन स्वयंपाकघरात मला हवी होती ती रिकामी जागा, आणि शोरूममध्ये सगळेजण मला ती भरायच्या युक्त्या विकत होते.

डायरीत आणखी एक आकडा होता. एकाच जागी सलग उभं राहण्याचा सगळ्यात मोठा वेळ, चाळीस मिनिटं, मावशींच्या नावापुढे होता. आमच्याकडे सकाळी सव्वासातला पोळ्यांना मावशी येतात. मी तो आकडा लिहिला आणि पान उलटलं.

दगडाची निवड सोपी जाईल असं वाटलं होतं. कडाप्पा स्वस्त, घरातल्या तीन पिढ्यांच्या ओळखीचा. पण तो पडला चुनखडीचा दगड, त्याचं आंबटाशी हाडवैर. आमच्या ओट्यावर लिंबाचे, आमसुलाचे, चिंचेच्या कोळाचे इतके पांढुरके डाग होते की सोलकढी कुठल्या कोपऱ्यात होते ते परक्यालाही कळलं असतं. मुलीला हवा होता पांढराशुभ्र क्वार्ट्झ. दिसतो देखणा, यात वाद नाही. पण तो कारखान्यात तयार होतो. दगडाचा चुरा राळेत बांधून त्याची फरशी दाबून बनवतात. त्या राळेमुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की डाग कायमचा पडू शकतो. आमच्या घरात कढई उतरवताना खाली काहीतरी ठेवायची शिस्त फक्त माझ्यात आहे, तीही रोज नाही. आणि वाचता वाचता दुसरंच समोर आलं. या क्वार्ट्झमध्ये सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, तो कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुफ्फुसात बसते, आणि सिलिकोसिसचे इतके रुग्ण निघाले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू नाही म्हणायला कुठपर्यंत जातेस!" पण तिने मागणी सोडली.

काळा ग्रॅनाइट घेतला. तोही सिलिका बाळगून असतोच, प्रमाण कमी एवढंच. फरशी कापायला आलेला मुलगा जिन्यात बसून तोंडाला रुमाल बांधून कोरडीच कापायला लागला, तेव्हा मी बादली आणि पाइप नेऊन दिला आणि पाणी सोडत काप म्हटलं. तो म्हणाला, काकू, चिखल होईल. झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन फोन केले, मी जिना तीनदा धुतला.

प्लायवूडसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला दोन चकरा झाल्या. तिथे प्रत्येक दुकानदार प्रत्येक फळीला "वॉटरप्रूफ" म्हणतो. खरं काय ते फळीवरच्या शिक्क्यात असतं. आयएस ३०३ म्हणजे साधं प्लाय, त्यातही दमटपणा सोसणारी आणि उकळतं पाणी सोसणारी अशा दोन जाती. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. ते प्रमाणित करताना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात. सुतार म्हणाला, सगळं मरीन घ्या. मी म्हटलं, वरच्या कपाटांत कोण पाणी उकळतंय? शेवटी खालचं सगळं ७१०, वरचं ३०३ मधलं बरं, असं ठरलं. यात अकरा हजार वाचले, आणि अकरा हजार वाचल्याचा आनंद मी चार दिवस पुरवून पुरवून खाल्ला.

पाचव्या दिवशी ओटा फोडला. भिंतीतले जुने लोखंडी पाइप बाहेर आले. प्लंबरने त्यातला एक तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आत बघा. पाऊण इंची पाइपात गंजाचे थर साचून पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिली होती. इतकी वर्षं आम्ही वरच्या टाकीला नावं ठेवत होतो. सगळे पाइप बदलले. मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि फ्रीज तिघे एकाच बारीक वायरीवर लटकत होते. तीही बदलली, जाड वायर आणि सोळा अँपिअरचे दोन पॉइंट घेतले, जमिनीखालचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. पैशाचा चौथा हिस्सा असा भिंतीत आणि जमिनीत गेला, वर टाइल्स बसल्या, आणि आता तिथे काही झालं होतं याचा मागमूस नाही. नणंद आली, सगळं बघून म्हणाली, "छान झालंय. पण खर्चाच्या मानाने..." मी तो पाइपचा तुकडा जपून ठेवलाय. तिला दाखवला. तिला त्यात पाइपच दिसला.

तर उंची.

सुतार चौतीसवर ठाम होता. नवरा पाच फूट नऊ इंच. सकाळचा चहा आणि रविवारचा पुलाव त्याचा, तेवढ्यावर त्याने सदतीसचा दावा लावला. तो मी पहिल्याच सुनावणीत फेटाळला. सासूबाई पाच फुटांच्याही आतल्या. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की मला धडकी भरते. ग्रॅनाइट एकदा बसला की तो पुढची तीस वर्षं उठत नाही. रंग बदलता येतो, दारं बदलता येतात, नळ बदलता येतो. उंची बदलता येत नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून उंचीबद्दल वाचत बसले आणि भलतीकडेच पोचले. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टला कामगारांसाठी मोठी गृहयोजना चालू होती. त्यासाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आमच्यासारखंच, जवळजवळ सत्तर चौरस फूट. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ जातो, ते मोजून त्यांनी प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली. चिरायला खिडकीपाशी जागा, बसायला फिरतं स्टूल, तांदूळ-साखरेला नावं घातलेले ओतायच्या चोचीचे ॲल्युमिनियमचे खण, आणि पिठाला कीड लागू नये म्हणून पिठाचे खण ओक लाकडाचे. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसली. जगभरातली आजची मोड्युलर स्वयंपाकघरं त्यांचीच नातवंडं म्हणायची. याच बाई पुढे नाझींविरुद्धच्या कामात १९४१ मध्ये पकडल्या गेल्या, युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिल्या आणि १९९७ मध्ये शंभर वर्षांच्या झाल्या. मला सगळ्यात मजा वाटली ती याची की, हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

मला आधी हसू आलं, मग जरा बरं वाटलं. डायरीत रेघा मारणारी मी एकटी नव्हते. पण एक फरक खटकत राहिला. ते स्वयंपाकघर एकटीने राबणाऱ्या बाईसाठी होतं. ज्या घरांसाठी ते आखलं, तिथे मदतीला कुणी येणार नाही हे धरलेलंच होतं. दुसरी बाई आत शिरली तर दोघींची टक्कर व्हावी, एवढंच अरुंद. आमच्याकडे सकाळी सव्वासातला दुसरी बाई आत येतेच. आणि ज्या पानावरून मी पुढे गेले होते ते पान मला आठवलं. चाळीस मिनिटं. मावशी.

दुसऱ्या दिवशी तोडफोडीमुळे पोळ्यांचं बस्तान हॉलमध्ये मांडलं होतं, इंडक्शन आणि डायनिंग टेबल. मी मावशींना विचारलं, "मावशी, ओटा चौतीस इंचाचा करतोय. म्हणजे आधीपेक्षा एवढा वर." बोटांनी चार इंच दाखवले. त्या लाटत होत्या, थांबल्या नाहीत.

"मला काय, ताई. कुठंबी करते."

"तसं नाही, खरं सांगा."

मग सांगितलं. पाच घरं, पाच ओटे. नव्या बिल्डिंगीतल्या दोन घरांचे ओटे इतके उंच की पोळपाट छातीशी येतो. एका घरी त्या दुधाचा क्रेट पालथा घालून त्यावर उभ्या राहतात. दुसऱ्या घरी क्रेट नाही, तिथे पाट आहे, आणि पाट फरशीवर सरकतो म्हणून त्याखाली ओलं फडकं. "उंच ओट्यावर जोर लागत नाही ना. सगळं खांद्यावर येतं. चार वाजता हात वर जात नाही." मग पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "तुमच्याकडं बरं होतं. तुमचा ओटा मला बरोबर यायचा."

बरोबर यायचा. जो ओटा दहा वर्षं माझी कंबर मोडत होता तो.

मी सुताराला फोन लावायच्या आत सासूबाई बोलल्या. त्यांचं माहेर वाईजवळचं. तिथे चूल जमिनीवर, वैल जमिनीवर, लाटणं-भाजणं सगळं बसून. लग्नानंतर पुण्यात वाड्यातही तसंच. १९८६ साली या फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा उभ्याने स्वयंपाक करायचा ही गोष्टच त्यांना नवीन. "बिल्डरचा गवंडी बत्तीसचा करत होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं थांब. पोळपाट आणला, विटांच्या थरावर ठेवला आणि लाटून बघितलं. कणीक नव्हती, नुसतंच लाटणं फिरवलं. दोन इंचांचा फरक काढायला लावला. तेव्हा आम्ही सात जण. सकाळ-संध्याकाळ मिळून साठ पोळ्या व्हायच्या."

म्हणजे तो ओटा चुकीचा नव्हता. तो पोळ्यांचा ओटा होता. चिरायला, भांडी विसळायला, मिक्सर लावायला कोपराखाली पाच-सहा इंचांवर पृष्ठभाग लागतो. लाटताना, कणीक मळताना मात्र अंगाचा भार वरून यावा लागतो, त्याला ओटा आणखी खाली हवा. सासूबाईंनी हे कुठे वाचलं नव्हतं. पोळपाट घेऊन उभ्या राहिल्या, झालं. आणि पंचवीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की आई, हा ओटा एवढाच का?

आता माझ्यापुढे दोन कमरा आणि दोन खांदे, मधे एकच दगड. सुतार म्हणाला, दोन उंच्या करू. सिंकची बाजू चौतीस, गॅसची बाजू तीस. शेगडीची स्वतःची चार-पाच इंच उंची असतेच, त्यामुळे तीसवर शेगडी ठेवली की बर्नर चौतीसच्या पातळीला येतो आणि कुकरमध्ये डोकवायला टाचा उंचवाव्या लागत नाहीत. शेगडीच्या डावीकडे अडीच फूट मोकळी जागा सोडायची, पोळपाटासाठी. पायरीच्या सांध्यात पीठ साचणार, ते रोज पुसावं लागणार, हेही त्याने आधीच सांगितलं. मला असा माणूस आवडतो. सहज म्हणून मी शोरूममधल्या त्या नम्र मुलाला फोन करून विचारलं, असा पायरीचा ओटा तुमच्याकडे होतो का? तो म्हणाला, मॅम, आमच्या कॅबिनेट्सची हाइट स्टँडर्ड असते. कुणाची स्टँडर्ड, ते विचारायचं राहिलं.

पायरीपायी खर्च वाढला ३,२०० रुपयांनी, जादा मोल्डिंग आणि जादा उभी पट्टी धरून. एवढी स्वस्त गोष्ट या सगळ्या कामात दुसरी झाली नाही.

बाकीचे निर्णय भराभर झाले. गॅसची जागा आग्नेयेलाच हवी, ही सासूबाईंची एकमेव अट. पाइप गॅसचा नळ आमच्या सुदैवाने तिथेच होता, त्यामुळे एका वादाचे पैसे वाचले. रंगावरून दोन दिवस अबोला झाला, तो इथे सांगण्यासारखा नाही. सरकते खण फक्त तीन घेतले, कारण चांगल्या रुळांवरचा एकेक खण चार हजारांच्या घरात जातो. एकात चमचे-सुऱ्या-लाटणी, दुसऱ्यात रोजचे डबे, तिसरा खोल, कुकर आणि कढयांसाठी, म्हणजे सासूबाईंना गुडघे टेकून आत हात घालायला नको. उरलेल्या ठिकाणी दारं आणि फळ्या. काटकोनातला कोपरा हा सगळ्या स्वयंपाकघरांचा काळोखा कोनाडा. त्यासाठी फिरून बाहेर येणारी एक यंत्रणा मिळते, किंमत अठरा हजार. ती घेतली नाही. तिथे आता वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू राहतात. सोऱ्या दिवाळीला, पुरणयंत्र होळीला, मोदकपात्र गणपतीला. त्या काढायला कुणीतरी अर्धं अंग आत घालून पालथं पडतं, आणि ते मानाचं काम सध्या जावयाचं आहे.

चिमणीवर नवऱ्याचा जीव होता. पण तिचा धूर बाहेर न्यायचा तर नळकांडं तुळईला वळसा घालून न्यावं लागत होतं, आणि धूर बाहेर न नेता कोळशाच्या जाळीतून गाळून तोच घरात परत सोडणारी चिमणी फोडणीच्या घरात मला पटेना. खिडकीत २,४०० रुपयांचा एक्झॉस्ट पंखा लावला. मात्र पुढेमागे चिमणी घेतलीच तर म्हणून भिंतीत सहा इंची भोक आत्ताच पाडून बुजवून ठेवलं आणि वर एक पॉइंटही काढून ठेवला. या दूरदृष्टीचं मी स्वतः सर्वांना सांगत होते.

शेवटी शेवटी यादी कापायची वेळ आली. सोसायटीच्या नियमाने दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, त्यामुळे काम लांबलं, मजुरी वाढली. राडारोडा लिफ्टने न्यायचा नाही, म्हणून हमाल लागले. तेवीस दिवस आम्ही हॉलमध्ये एका इंडक्शनवर जेवण केलं आणि बाथरूममध्ये भांडी घासली. मुगाची खिचडी आता वर्षभर समोर नको. हिशेब अडीच लाखांच्या पुढे सरकताना दिसला तेव्हा मी लाल पेन घेऊन बसले. काचेची दारं रद्द. कपाटांच्या आतलं देखणं लॅमिनेट रद्द, आत साधं पांढरं. वरच्या कपाटांखाली लावायच्या दिव्याच्या पट्ट्या, ३,८०० रुपये, रद्द. छताच्या मधोमध नवा मोठा दिवा होताच, आणखी झगमगाट कशाला? एवढं करून आकडा २ लाख ५९ हजार ४०० वर थांबला. नऊ हजार चारशे वर. आमच्या ऑफिसात यापेक्षा मोठ्या फरकाला "किरकोळ" म्हणतात.

दूध उतू घालून स्वयंपाकघर सुरू केलं. दूध उतू गेलं ते पायरीच्या सांध्यातच गेलं, हे सुताराला कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मावशी आल्या. मी मुद्दाम दारात उभी राहिले. त्यांनी पोळपाट ठेवला, दोन्ही हात ओट्यावर टेकवून एकदा भार देऊन बघितला आणि मान हलवली. ती मान बघायलाच मी थांबले होते. पहिली पोळी लाटून झाली. दुसरी लाटताना त्या पोळपाटावर वाकल्या, मग उजवीकडून वाकून बघितलं, मग डावीकडून.

"काय झालं, मावशी?"

"उंची झ्याक झालीय, ताई," त्या म्हणाल्या. "पण पोळी दिसत नाही. माझीच सावली पडती. आधी इथं भितीवर ट्यूब व्हती ना?"

होती. ओट्याच्या बरोबर वर, भिंतीवर. तिच्या जागी आता वरची कपाटं आहेत, आणि नवा मोठा दिवा आहे तो ओट्याकडे तोंड करून उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. पोळपाटावर माझ्या डोक्याचा गोल काळा ठिपका, जवळपास पोळीच्याच मापाचा.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, पट्टी लावायला दहा मिनिटं, पण तिथे वायर कुठाय? तेव्हाच पाइप टाकून ठेवला असता तर झालं असतं. आता टाइल फोडावी लागेल. चिमणीच्या पॉइंटवरून ओढता येईल, पण वायर उघडी दिसेल.

सध्या मुलीच्या अभ्यासाचा दिवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवलाय, मान पोळपाटाकडे वळवून. मावशी आल्या की आधी तो लावतात, मग तवा ठेवतात.